आपली पाळी येईपर्यंत

आमच्या घरात ‘मी’ हा शब्द फारसा चालत नसे. कोणी मनाई केली नव्हती, त्याची गरजच पडत नसे. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. दारात आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवायचे, डोक्याचं फडकं झटकायचे आणि म्हणायचे, “आपल्याले भूक लागली.” भूक त्यांना एकट्यालाच लागलेली असायची. पण माय चार ताटल्या मांडायची. मी आणि माझी धाकटी बहीण सुनंदा, आम्ही दोघी तासाभरापूर्वी पोटभर जेवलेल्या असलो तरी पुन्हा बसायचो, कारण भूक ‘आपल्याले’ लागली होती. लाखोळीची डाळ, भात, भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. झिंगे असले तर बाबा आधी आमच्या ताटल्यांत बघायचे, मग स्वतःच्या. खाणीतली खोकल्याची ढास लागली की माय शेजारणीला सांगायची, “आपला खोकला काही जाऊन नाई राह्यला वो.” शेजारीणसुद्धा मान हलवायची, जणू थोडा तिच्याही छातीत असावा.

माय सगळ्यांशी बोलायची. कोंबड्यांना रागवायची, चुलीला समजावायची, मुसळाला हळू चाल म्हणायची. मोहाच्या दिवसांत ती पहाटेच रानात जाऊन टोपली भरून यायची आणि अंगणात फुलं पसरवून त्यांच्याशी बोलत बसायची. तो गोड, आंबूस, जड वास आमच्या कपड्यांना, केसांना, वह्यांना लागायचा. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुली नाक दाबायच्या. सुनंदा रडत घरी यायची. मी रडत नसे, पण बोलतही नसे. मान खाली घालून बसायची आणि पुढच्या दिवशी त्याच बाकाच्या मागे जाऊन बसायची. मास्तरांनी माझ्या दाखल्यावर ‘स्वभाव शांत व गरीब’ असं लिहिलं होतं आणि माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

मी हे सगळं का उगाळत बसले, ते आधी सांगून टाकते. परवा सुनंदाच्या मुलीचा, रश्मीचा, पुण्याहून फोन आला. तिच्या ऑफिसात म्हणे माणसाचं चारही बाजूंनी मोजमाप करतात. वरचा, खालचा, बरोबरीचा आणि घरचा, असे चौघे तुमच्या स्वभावाबद्दल फॉर्म भरतात आणि पाचवा तुम्ही स्वतः भरता. मग जुळतं की नाही ते पाहतात. “मावशी, तू माझा घरचा फॉर्म भर ना, पण चांगलं लिही,” असं ती मला लाडीगोडीनं म्हणाली. मी म्हटलं, “तू स्वतःचा भरलास का?” तर म्हणाली, “हो, पण आधी मैत्रिणींना विचारून घेतलं की मी कशी आहे.” मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. माझ्या वेळी हे सगळं चंद्रपुरात एका खोलीत घडलं होतं आणि मला कोणाला विचारून घ्यायची सोय नव्हती.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, रानाला लागून. मोहल्ला आमचा वेगळा, विहीर वेगळी, आणि विहार आमच्या अंगणाच्या भिंतीला भिंत लावून. रविवारी दुपारी वंदना झाली की लोक तिथेच टिनाखाली बसायचे आणि मोहल्ल्याचे सगळे प्रश्न तिथेच निघायचे. आमच्यात ‘आपला’ या शब्दाला मोठा मान. ‘आपला माणूस आहे’ म्हटलं की पुढचं काही विचारायचं नाही. तहसिलात नवा बाबू आला की पहिला प्रश्न, “आपला हाय का?” बसमध्ये अनोळखी बाई शेजारी बसली, दोन गोष्टी झाल्या, तिनं जयभीम केला की माय माझ्याकडे वळून डोळ्यांनीच सांगायची, आपली आहे. मग लाखोळीच्या वड्यांची पुडी सुटायची.

दहावी झाले तेव्हा मला नर्स व्हायचं होतं. व्हायचंच होतं. का, ते पुढे येईल. चंद्रपूरला एका रुग्णालयाचं नर्सिंगचं शिक्षण होतं, जागा मोजक्या, राहणं-जेवण तिथेच. मिळालं तर मिळालं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न, हे घरात ठरलेलं होतं. स्थळही पाहून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता बिचारा, पण मला नको होता. मार्कांची यादी लागली, तीत माझं नाव आलं. पण त्या वर्षी त्यांनी एक नवीन गोष्ट सुरू केली होती. नर्सला स्वभाव पाहिजे, नुसते मार्क काय कामाचे, म्हणून पुण्याहून एक साहेब बोलावले होते. ते स्वभावाची चाचणी घ्यायचे. आम्ही मुलींनी त्यांचं नावच चाचणीसाहेब पाडलं. गोरे, सडपातळ, फार हळू बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला हॉलमध्ये लांब लांब बसवलं आणि एकेक पांढरा कागद दिला. कागदावर चोवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन चौकोन : नेहमी, कधी कधी, कधीच नाही. स्वतःबद्दल खरं वाटेल त्या चौकोनात खूण करायची.

त्या ओळी मला अजून तोंडपाठ आहेत. ‘आपली चूक मान्य करणे.’ ‘आपला राग आवरणे.’ ‘आपला हट्ट सोडणे.’ ‘आपली पाळी येईपर्यंत शांत थांबणे.’ शाळेत व्याकरण मन लावून शिकले होते, त्यामुळे इथे ‘आपला’ म्हणजे स्वतःचा, हे मला बरोबर कळलं. आणि मी खरं लिहिलं. कोणीही शपथ घालून विचारावं, एक खूण खोटी नव्हती. माझी चूक मी लगेच मान्य करायची. माठ फुटला तर माय विचारायच्या आधी सांगायची. माझा राग मी गिळायची. माझा हट्ट मी सोडायची, सुनंदाला फ्रॉक पाहिजे असला तर मी जुन्यावर भागवायची. आणि रांगेत मी कायम शेवटी. सगळीकडे ‘नेहमी’, ‘नेहमी’, ‘नेहमी’. कागद देऊन बाहेर आले तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता. इतकी चांगली पोरगी ते घेणार नाहीत तर कोणाला घेतील?

जाताना साहेबांनी प्रत्येकीच्या हातात एक लिफाफा दिला. आत पिवळा कागद, त्याच चोवीस ओळी. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या एका माणसाने तो भरायचा, लिफाफा चिकटवायचा, आणि मुलाखतीच्या दिवशी तुम्ही तो न उघडता आणून द्यायचा. ‘गोपनीय’ असं वर छापलं होतं. मी तो गोमाजीभाऊंना दिला. गोमाजीभाऊ म्हणजे मोहल्ल्यातले सगळ्यात जास्त शिकलेले, जुनी सातवी पास, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिला आणि म्हणाले, “मी एकटा कसा लिहीन? पोट्टी का माह्या एकट्याची हाय?”

झालं. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर तो गोपनीय कागद विहारात सगळ्यांच्या मधोमध आला.

मला तिथे बसू दिलं नाही, तेवढा नियम त्यांनी पाळला. मी भिंतीच्या अलीकडे आमच्या अंगणात, मायजवळ. माय लोकांसाठी लाखोळीचे वडे तळत होती, मी पीठ थापून देत होते आणि विहारातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. गोमाजीभाऊंनी घसा साफ केला आणि पहिली ओळ वाचली. “आपली चूक मान्य करणे.” कोणीतरी विचारलं, “आपली मंजे?”

“आपली मंजे आपली,” गोमाजीभाऊ म्हणाले. “आपल्या लोकायची.”

माझा हात पिठातच थांबला. शेजारच्या कौसाबाईचा आवाज आला. ती मोहल्ल्यातली सर्वांत म्हातारी बाई नव्हे, पण सर्वांत मोठ्या आवाजाची नक्की. “शाळेत आंब्याचा इल्झाम आपल्या पोरायवर आला होता, तवा हेडमास्तरसमोर इसाखा काय म्हने? मानली का तिनं? नाई मानली. आंबे आपल्या पोरायनं तोडलेच नवते तर काऊन मानावं? लिवा, कधीच नाई.” सगळ्यांनी माना डोलावल्या असाव्यात, कारण पेन्सिल चालल्याचं गोमाजीभाऊंच्या ‘हां’वरून कळलं. माझं नाव विशाखा. पण मोहल्ल्यात इसाखाच.

“आपला राग आवरणे.”

“आपला राग तर तिच्याच तोंडून निंगते,” कोणीतरी पुरुषमाणूस हसत म्हणाला. “कधीच नाई.”

“आपला हट्ट सोडणे.”

“आपला हट्ट? मोहल्ल्यातल्या बोअरिंगचा? पंचायतीत कोनं सोडू नाई देल्ला? कधीच नाई.”

मी मायकडे पाहिलं. “माय, हे लोक चुकून राह्यले. मी जाऊन सांगतो.” (आमच्याकडे बायाही ‘सांगतो’च म्हणतात.) माय झाऱ्यानं वडा पलटवत म्हणाली, “बस खाली. तुह्याबद्दल लिहून राह्यले, तुले विचारून नाई.” कसं सांगू तिला? मला पुढच्या उन्हाळ्यातलं लग्न दिसत होतं. तेलात वडे उसळत होते आणि पलीकडे माझी अख्खी चांगली पोरगी एकेका ओळीनं बुडत होती.

मग ती ओळ आली. गोमाजीभाऊंनी वाचायला सुरुवात केली, “आपली पाळी येईपर्यंत...” आणि थांबले. बायकांमध्ये खसखस पिकली. आमच्याकडे रांगेतल्या पाळीला लंबर म्हणतात. पाळी म्हणजे दुसरंच, आणि ते पुरुषांनी मोठ्यानं वाचायचं नसतं. गोमाजीभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, असं मला मागून कळलं. “हे बायकायनं पाहा,” म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. इकडे माझे कान तापले. पण कौसाबाईच्या शेजारी माझ्या वर्गातली शांता बसली होती, तिनं वाचलं आणि म्हणाली, “लंबर म्हनून राह्यला तो. आपला लंबर येईस्तोवर चूप राहाते का, असं.”

हसणं एकदम थांबलं. कौसाबाई म्हणाली, “हे मी सांगतो.”

तिनं सांगितलं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आमच्या गावापासून दोन कोसांवर एक दवाखाना होता, त्याचं नाव मी आजही लिहीत नाही. तिथला कंपाऊंडर आता नाही, आणि त्याची मुलं चांगली निघाली. कंपाऊंडरचा नियम असा की आमच्या मोहल्ल्यातली माणसं कितीही लवकर आली तरी आत सगळ्यात शेवटी. तोंडानं तो कधी असं बोलायचा नाही. नुसता हात करायचा, थांबा. कौसाबाईची नात तापानं फणफणली होती, कौसाबाईचा पाय मुरगळलेला, म्हणून मी पोरीला उचलून तिच्यासोबत गेले. सकाळी पहिल्यांदा आम्हीच पोचलो. ऊन डोक्यावर आलं तरी हात थांबाच करत होता. पोरगी रडायचीही थांबली. तेव्हा मी उठले, पोरीला छातीशी धरून दवाखान्याच्या दारात उभी राहिले आणि दोन्ही चौकटींना कोपरं टेकवली. “आपला लंबर पह्यला होता. आपला झाल्याबिगर कोनी आत जात नाई.” मागची माणसं ओरडली. कंपाऊंडर ओरडला. मी हलले नाही. शेवटी डॉक्टरच बाहेर आले, काय गोंधळ आहे म्हणून, आणि पोरीला पाहून तिला स्वतः आत घेऊन गेले.

“माही नात आज पाटी घेऊन शाळेत जाते,” कौसाबाई म्हणाली. “आपला लंबर येईस्तोवर चूप थांबनारी असती तर कुठी असती माही नात? लिव गोमाजी. कधीच नाई. आन दोनदा लिव.”

खरंच दोन खुणा केल्या त्यांनी त्या चौकोनात.

आता माझी बाजू ऐका, कारण ती तेव्हा विहारात कोणालाच ठाऊक नव्हती. त्या दारात मी कोपरं टेकवली ती शौर्यानं टेकवली नव्हती. पाय लटलट कापत होते, आधार सोडला तर पोरीसकट पडले असते. कंपाऊंडर ओरडला तेव्हा माझ्या कानांत नुसती वाफ भरल्यागत झालं, त्याचे शब्द मला ऐकूच आले नाहीत. पोरीला आत नेल्यावर मी दवाखान्याच्या मागे गेले, भिंतीला धरून भडाभडा ओकले, आणि पदरानं तोंड पुसून हसत परत आले. तेव्हाच ठरवलं होतं की आपण त्या दाराच्या आत असलं पाहिजे, बाहेर नाही. म्हणून नर्स. लोकांनी माझा आवाज ऐकला होता. ओकारी मी कोणाला ऐकू दिली नव्हती. मग पांढऱ्या कागदावर मी खोटं काय लिहिलं होतं? आणि पिवळ्यावर त्यांनी तरी काय खोटं लिहिलं? मला अजून कोणी याचं उत्तर दिलेलं नाही, आणि आता मी विचारतही नाही.

त्या दिवशी कागद भरून झाल्यावर गोमाजीभाऊंनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सही न येणाऱ्यांनी अंगठे दिले. मग लिफाफा भाताच्या शितांनी चिकटवला. मुलाखतीला निघताना माय बसपर्यंत आली, वड्यांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाली, “लिफाफा फोडू नोको.” तिनं बरोबर ओळखलं होतं. बसमध्ये अख्खा रस्ता माझं नख त्या शितांच्या काठावर फिरत होतं. फोडला असता, बसस्टँडवर पेन्सिलीच्या खुणा पुसून दुसऱ्या केल्या असत्या, तर कोणाला कळलं असतं? नाही फोडला. का, ते खरंच सांगता येत नाही. चिकटवताना कौसाबाईनं त्या शितांवर आपला अंगठा दाबला होता, त्याचा ठसा तिथे दिसत होता.

मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे चाचणीसाहेब, आणि खिडकीशी एका खुर्चीत रुग्णालयाच्या मुख्य नर्स. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. जाड, काळ्यासावळ्या, केस पांढरे. त्या कुठल्याशा रजिस्टरात काहीतरी तपासत होत्या, माझ्याकडे त्यांनी वरही पाहिलं नाही. साहेबांनी लिफाफा उघडला, पिवळा कागद पांढऱ्याशेजारी ठेवला आणि पट्टी आडवी धरून एकेक ओळ खाली उतरू लागले. इकडे नेहमी, तिकडे कधीच नाही. इकडे नेहमी, तिकडे कधीच नाही. अर्ध्यावर त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि अगदी हळू, अगदी सभ्यपणे मला विचारलं, “आपण खोटं लिहिलंत का?”

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला ‘आपण’ म्हणालं होतं. पण ते मला कळायला हवं ना, मी ते ‘आपण दोघं’ असंच ऐकलं. मी गोंधळून म्हटलं, “नाई जी. मी खरं लिवलं. तुमी कायले खोटं लिवसान?”

खिडकीशी रजिस्टराचं पान उलटायचं थांबलं. साहेबांनी मला समजावून सांगितलं. वाईट माणूस नव्हते ते, उगाच कशाला बोल लावू? त्यांचं म्हणणं असं की माणूस स्वतःला कसा दिसतो आणि लोकांना कसा दिसतो यात थोडा फरक असतोच. पण इतका फरक पडला तर दोनच अर्थ निघतात. एक तर माणूस खोटं बोलतो, नाहीतर त्याला स्वतःचीच ओळख नाही. दोन्ही प्रकारची मुलगी रुग्णाजवळ ठेवता येत नाही. बोलता बोलता त्यांनी पिवळा कागद उलटला आणि मागचे अंगठे पाहिले. “हे काय? हा कागद एकानेच भरायचा होता.”

“सगळ्यायनं मिळून भरला जी. विहारात.”

“तुमच्यासमोर?”

“मी भिंतीच्या पलीकडं होती.”

साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटतं त्यांना माझी दयाच आली आणि वाटही सापडली. म्हणाले, मग हा कागद बादच आहे. लोकांना प्रश्न कळलेले दिसत नाहीत. आपण असं करू, इथे खाली दोन ओळी लिहा की माहिती नसल्यामुळे अडाणी लोकांनी हा कागद चुकीचा भरला, आणि सही करा. मी तो काढून टाकतो. तुमचा स्वतःचा कागद फार चांगला आहे. शांत, नम्र, थांबणारी मुलगी. नर्सला हेच पाहिजे. तुमचं काम होऊन जाईल. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर ठेवलं.

खरं सांगते, मी पेन उचललं. जागा समोर होती. एक सही, आणि लग्न रद्द. कोणाला कळणार होतं पोंभुर्ण्याकडे? आणि लोकांना प्रश्न खरंच कळले नव्हते, ‘आपला’ या एका शब्दानं सगळा घोळ केला होता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी लिहायला कागद सरळ केला. आणि ते अंगठे दिसले. कौसाबाईचा कुठला ते मी ओळखलं, तिच्या अंगठ्याला विळ्याचा जुना व्रण होता आणि शाईत त्याची पांढरी रेघ उमटली होती. अडाणी लोक. ते दोन शब्द माझ्या हातानं त्या अंगठ्याखाली लिहायचे होते. माझ्या अंगात असा संताप चढला, असा चढला, की आज सांगतानाही कानशिलं गरम होतात.

मी पेन खाली ठेवलं. “मी नाई लिवत.”

“का?”

आणि मग मी बोलले. कसं बोलले ते देव जाणे. आमच्यात असं म्हणत नाहीत, पण दुसरं काय म्हणू? “साहेब, त्यायनं आपला मंजे आपला समजला. आमच्या घरी तसाच असते. माही चूक असन तर मी मानतो. आपल्या लोकायवर खोटी चूक टाकली तर नाई मानत. माहा लंबर गेला तर गेला, मी चूप राहातो. आपला लंबर कोनी खाल्ला तर मी दारात उभी राहातो. त्यायनं तेच लिवलं. आन मी भेतो, हे बी खरं हाय. त्या दवाखान्याच्या मांगं मी ओकली होती. ते कोनालेच ठाऊक नाई, माह्या मायलेबी नाई, म्हनून त्यायच्या कागदात ते आलं नाई. मी आतून जशी हाय तशी मी लिवली. भाईरून जशी दिसली तशी त्यायनं लिवली. दोनी कागद माहेच हायेत. एक फाडाचा असन तर माहा फाडा. त्यायचा मी नाई फाडू देत.”

एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांची पट्टी एवढ्याला पुरेना असं काहीतरी झालं असावं. मग त्यांनी दोन्ही कागद एकत्र केले आणि पुन्हा त्याच सभ्य आवाजात म्हणाले, “ठीक आहे. विचार करावा लागेल. अजून बऱ्याच मुली आहेत. आपण बाहेर शांत थांबा. आपली पाळी आली की बोलावू.”

या वेळी ‘आपण’ मला बरोबर कळला. ‘आपली पाळी’ही कळली. तसा हात करणारा माणूस मी आधी पाहिला होता. त्याला असं गोड बोलता येत नसे, एवढाच काय तो फरक.

“मी इथीच थांबतो जी,” मी म्हटलं आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले.

खिडकीशी मोठ्या बाईंनी रजिस्टर मिटलं. उठून टेबलाशी आल्या. त्यांनी पिवळा कागद उचलला, त्या ओळीवरच्या दोन खुणा पाहिल्या, मग कागद उलटून एकेक अंगठा पाहिला. सगळे पाहिले. मग मला आपादमस्तक न्याहाळलं. “साहेब,” त्या म्हणाल्या, “या लोकांना प्रश्न कळला नव्हता, बरं का. पण उत्तर बघा समोर बसलंय.” त्यांनी माझ्यासमोरचं पेन घेतलं, दोन्ही कागद एकमेकांना टाचले आणि वरच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला, ‘घ्यावी’. मग मला म्हणाल्या, “पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडच्या दवाखान्यात कोणी राहायला तयार नसतं. शिकून झालं की तू जाशील?”

“जाईन जी,” मी म्हटलं. तिकडे पुढे मी अठ्ठावीस वर्षं काढली.

मोठ्या बाई हसल्या, साहेबही थोडेसे हसले. त्या दोघांना समोर एक ताठ बसलेली, नजर न हलवणारी, हट्टी पोरगी दिसत होती. टेबलाखाली माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते आणि पिशवीतल्या वड्यांची पुडी मी मांड्यांत घट्ट दाबून धरली होती, आवाज होऊ नये म्हणून.